पुट, बट आणि वीस स्वरांची भाषा

इंग्रजीच्या उच्चारांना शेंडाबुडखा नाही, हे आपल्याकडे इतके सर्वमान्य आहे की ते सिद्ध करायची गरज कुणालाच वाटत नाही. पी-यू-टी ‘पुट’ होते तर बी-यू-टी ‘बट’ का, हा प्रश्न वर्गावर्गांतून फिरत असतो; ‘टू’ आणि ‘डू’च्या शेजारी ‘गो’ कसा, या शंकेवर १९७५ च्या ‘चुपके चुपके’ने लोकांना पोट धरून हसवले. बर्नार्ड शॉच्या नावावर खपणारा विनोदही याच जातीचा. ‘टफ’मधला जी-एच, ‘विमेन’मधला ओ आणि ‘नेशन’मधला टी-आय एकत्र जोडा, की ‘घोटी’सारखा दिसणारा शब्द म्हणे ‘फिश’ असा वाचता येतो. मुळात हा विनोद शॉचा नाही. तो १८५५ सालच्या एका पत्रात सापडतो आणि शॉचा जन्म १८५६ चा. पण खरी गोम वेगळीच आहे. हा शब्द समोर ठेवला तर इंग्रजी येणारा कुणीही तो ‘फिश’ असा वाचत नाही. शब्दाच्या सुरुवातीच्या जी-एचचा ‘फ’ होत नाही. टी-आयचा ‘श’ व्हायला पुढे आणखी एक स्वर लागतो, शब्दाच्या टोकाला तो होत नाही. हे वाचणाऱ्याला कुणी सांगितलेले नसते, तरी ते त्याच्या डोक्यात पक्के असते. नियमच नाहीत हे दाखवायला निघालेला विनोद नियमांच्याच जोरावर चालतो.

नियम आहेत, फक्त ते एकेका अक्षराला चिकटवलेले नाहीत. स्वराचे अक्षर कसे उच्चारायचे हे त्याच्या शेजारी कोणती अक्षरे आहेत, शब्दात आघात कुठे पडतो आणि तो शब्द कोणत्या वाटेने आला, यावर ठरते. शाळेतले सुटसुटीत नियम नेमक्या याच तीन गोष्टी गाळतात. मग ते मोडतात, आणि खापर भाषेवर फुटते.

‘इंग्रजीत पाच स्वर आहेत’ हे विधान त्यातलेच. पाच आहेत ती अक्षरे. दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात संयुक्त स्वर धरून साधारण वीस स्वरध्वनी मोजले जातात, अमेरिकी उच्चारात काही कमी. ‘अ’ लावायचा की ‘ॲन’, हे अक्षरावर नव्हे तर ध्वनीवर ठरते, म्हणूनच ‘ॲन अवर’ पण ‘अ युनिव्हर्सिटी’, आणि ‘अ फाइल’ पण ‘ॲन एफआयआर’. दुसरा गैरसमज खास आपल्याकडचा आहे: इंग्रजीतले ‘शॉर्ट’ आणि ‘लाँग’ स्वर म्हणजे आपले ऱ्हस्व-दीर्घ. मराठी बोलताना इ आणि ई यांच्या लांबीने अर्थ बदलतो असे जवळपास होत नाही. शब्दाच्या शेवटी दीर्घ लिहायचे हा लेखणीचा नियम आहे, कानाचा नव्हे. त्यामुळे ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतला फरक आपल्याला स्वर ताणण्याचा वाटतो. प्रत्यक्षात तिथे जिभेची जागाच बदलते. लांबी बरीचशी पुढच्या व्यंजनावर अवलंबून असते: ‘बीट’मधली दीर्घ समजली जाणारी ई ‘ट’समोर आखडते, तर ‘बिड’मधली ऱ्हस्व इ ‘ड’समोर इतकी सैलावते की घड्याळ लावले तर दोघींत फारसे अंतर उरत नाही. आणि ‘मॅड–मेड’, ‘बिट–बाइट’ या जोड्यांत तर लांबीचा संबंधच राहिलेला नाही. ‘बिट’ कितीही ताणले तरी त्याचे ‘बाइट’ होणार नाही.

एकेकाळी मात्र होत होते, जवळजवळ. चौदाव्या शतकापर्यंत या जोड्या खरोखरच ऱ्हस्व-दीर्घ होत्या. त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांत इंग्रजीतले सगळे दीर्घ स्वर आपापल्या जागेवरून सरकले. डॅनिश भाषातज्ज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी या घडामोडीला ‘ग्रेट व्हॉवेल शिफ्ट’ असे नाव दिले. नेमक्या याच काळात, १४७६ मध्ये, विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. लेखन हळूहळू गोठत गेले आणि उच्चार पुढे चालत राहिले. आज ज्याला आपण विसंगती म्हणतो तिचा मोठा भाग म्हणजे जुन्या उच्चारांची प्रामाणिक नोंद आहे.

शेजाराचा नियम प्रत्यक्षात कसा चालतो हे पाहायला डब्ल्यूनंतरचा ए घ्यावा. एरवी ‘कॅट’, ‘मॅन’ असा ॲ देणारा ए डब्ल्यूच्या पाठोपाठ आला की ओठ गोल करतो: ‘वॉच’, ‘वॉश’, ‘वॉन्ट’, ‘स्वॉन’, आणि क्यू-यूमध्येही डब्ल्यूचाच ध्वनी असल्याने ‘क्वॉलिटी’. सतराव्या शतकाच्या सुमारास झालेला हा बदल. पण त्याला एक अडसर आहे. ए नंतर ‘क’ किंवा ‘ग’ ध्वनी असेल तर बदल होत नाही, म्हणून ‘वॅक्स’ आणि ‘वॅगन’ जुन्याच वळणावर राहिले. मागे डब्ल्यू आणि पुढे आर असेल तर आणखी मजा: तिथे ए ‘वॉर’, ‘वॉर्ड’, ‘वॉर्म’ असा ऑ देतो आणि ओ मात्र ‘वर्क’, ‘वर्ड’, ‘वर्ल्ड’ असा अ देतो, जणू दोघांनी जागांची अदलाबदल केली. ‘स्विम’चा भूतकाळ ‘स्वॅम’ या सगळ्याला जुमानत नाही, बहुधा ‘रॅन’, ‘सँग’, ‘बिगॅन’ यांच्या पंगतीत बसल्यामुळे. एका वाक्यात न मावणारा, पण डझनावारी शब्द नीट लावून देणारा हा नियम आपल्या वर्गांत क्वचितच सांगितला जातो. जोडव्यंजनाचेही तसेच. अक्का-पक्का म्हणणाऱ्या आपल्या जिभेला दोन पी दिसले की ती ‘हॅप्पी’ म्हणते. इंग्रजीत तिथे प एकच उच्चारला जातो. दुसरा पी लिहिलाय तो आधीच्या ए साठी, त्याने ॲ राहावे म्हणून. ‘फाइलिंग’ला एक एल आणि ‘फिलिंग’ला दोन, ‘डायनर’ला एक एन आणि ‘डिनर’ला दोन, यामागे हेच कारण आहे.

शेवटी ई आला की आधीचा स्वर आपले नाव सांगतो, ‘मॅड’चे ‘मेड’ होते, हा नियम सगळ्यांनाच ठाऊक असतो, आणि ‘हॅव’, ‘गिव्ह’, ‘लव्ह’, ‘कम’ या शब्दांपाशी तो तोंडघशी पडतो. थिओडोर क्लायमर या अमेरिकी अभ्यासकाने १९६३ मध्ये असे ४५ नियम प्राथमिक वाचनमालांतल्या शब्दांवर तपासले. शेवटच्या ई चा नियम ६३ टक्के शब्दांत खरा ठरला. दोन स्वर शेजारी आले की पहिलाच बोलतो, हा लाडका नियम अवघ्या ४५ टक्क्यांत. म्हणजे छापा-काटा केला तरी बरे. उपयोगी म्हणायला त्यांनी ७५ टक्क्यांची अट ठेवली होती, ती जेमतेम १८ नियमांनी पार केली. हे आकडे ‘बघा, इंग्रजीत नियम नाहीत’ असे म्हणत पुढे केले जातात. पण त्याच यादीत दोन ई एकत्र आल्यास ‘ई’ उच्चारावा हा नियम ९८ टक्के खरा ठरला आहे. दोन स्वरांचा नियम पडतो, कारण ‘ओ-ए’, ‘ई-ए’, ‘ओ-यू’ अशा वेगवेगळ्या स्वभावाच्या जोड्या तो एकाच दावणीला बांधतो. शेवटच्या ई चे अपवादही असेच उलगडतात. इंग्रजी शब्द व्ही वर संपवायचा नाही असा लेखनाचा जुना दंडक आहे, म्हणून ‘हॅव’, ‘गिव्ह’, ‘लव्ह’मधला ई व्ही साठी आहे. ‘हॉर्स’, ‘नर्स’मधला ई शब्द अनेकवचनी वाटू नये म्हणून आहे, ‘लार्ज’मधला जी चा ‘ज’ व्हावा म्हणून. ई ला तीन-चार वेगळी कामे आहेत आणि आपण त्यातले एकच शिकवतो.

आता अगदी सुरुवातीचे कोडे. यू पूर्वी दोन्हीकडे उ च होता, ‘पुट’मध्येही आणि ‘बट’मध्येही. सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडमध्ये हा उ सरकत अ च्या जवळ गेला, पण प, ब, फ या ओठांच्या व्यंजनांनंतर तो पुष्कळदा जागीच राहिला: ‘पुट’, ‘पुश’, ‘बुल’, ‘फुल’. पुष्कळदा, नेहमी नव्हे. ‘बट’ आणि ‘फन’ निसटलेच. उत्तर इंग्लंडमध्ये हा बदल झालाच नाही, त्यामुळे मँचेस्टर-लीड्सकडच्या जुन्या वळणाच्या बोलीत आजही ‘बट’ला ‘बुट’ म्हणतात. आपल्या पोरांची शंका म्हणजे तिथला रोजचा उच्चार. याच बदलाने ‘ब्लड’, ‘गुड’, ‘फूड’ यांचा तिढाही सुटतो. तिघांतही दोन ओ, तिघांतही पूर्वी दीर्घ ओ आणि मग ऊ. ‘ब्लड’, ‘फ्लड’ यांतला ऊ लवकर आखूड झाला आणि ‘बट’सोबत अ कडे गेला. ‘गुड’, ‘बुक’ उशिरा आखडले, तोवर ती गाडी सुटली होती. ‘फूड’, ‘मून’ आखडलेच नाहीत. ‘गो’ आणि ‘डू’ तर मुळात वेगळ्या स्वरांचे शब्द: ‘गो’ हा ‘होम’, ‘स्टोन’ यांच्यासारखा जुन्या दीर्घ आ पासून आलेला, ‘डू’ हा ‘फूड’च्या घरातला. लिहिताना एकाच ओ मध्ये कोंबले एवढेच.

यावर रास्त आक्षेप असा की शिकणाऱ्या मुलाला सातशे वर्षांच्या इतिहासाचे काय करायचे? त्याला ‘ब्लड’ म्हणता आले म्हणजे झाले. हे मान्य, इतिहास मुलासाठी नाहीच, तो शिकवणाऱ्यासाठी आहे. कोणते शब्द पाठच करून घ्यायचे आणि कुठे नियमावर विसंबायचे, हे त्यातून कळते. अपवाद शब्दसंग्रहात सारखे विखुरलेले नाहीत, ते रोजच्या शब्दांत दाटलेले आहेत: ‘वन’, ‘टू’, ‘हॅव’, ‘कम’, ‘सेड’, ‘वॉज’, ‘हू’. दिवसातून शंभरदा तोंडी येणारा शब्द वाकडा असला तरी टिकतो. क्वचित लागणारा शब्द नियमाच्या आधारानेच वाचावा लागतो. महाराष्ट्रात २००० सालापासून सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि पहिलीच्या पानावर येतात ते नेमके हेच शब्द. क्लायमर यांचे आकडे प्राथमिक पुस्तकांवरचे होते, हेही इथे विसरायला नको. भाषा पहिल्याच दिवशी आपली सर्वांत बेशिस्त बाजू दाखवते आणि ते मत जन्मभर टिकते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एवढे समर्थन करूनही हे लेखन शिकायला अवघडच. तेही खरे. युरोपातल्या अनेक भाषांची तुलना करणारा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या वर्षाच्या अखेरीस स्कॉटलंडमधल्या इंग्रजी वाचणाऱ्या मुलांना ओळखीचे शब्दही सुमारे एक तृतीयांशच वाचता आले, तर बहुतेक भाषांतली मुले ९० टक्क्यांच्या पुढे होती. मग स्पेलिंग सुधारत का नाहीत? प्रयत्न झाले. १९०६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी तीनशे सोप्या स्पेलिंगांचा हुकूम सरकारी छापखान्याला दिला होता. अमेरिकी काँग्रेसने तो हाणून पाडला. राजकारण बाजूला ठेवले तरी अडचण उरतेच. उच्चाराप्रमाणे लिहायचे, पण कुणाच्या? लंडनचा ‘बाथ’ आणि न्यूयॉर्कचा ‘बॅथ’ यांत जुना उच्चार अमेरिकेकडे आहे, आ नंतरचा. आजचे स्पेलिंग कुणाच्याच तोंडाशी पुरते जुळत नाही, म्हणून तर ते सगळ्यांना चालते. आणि आपण मराठी लिहितो तशीच बोलतो हा अभिमानही जरा तपासून पाहावा. ‘बदल’मधला द पूर्ण उच्चारायचा आणि ‘बदली’मधला अर्धा, ‘चंद्र’चा च वेगळा आणि ‘चमचा’चा वेगळा, हे लिपी कुठे सांगते? आपल्याला ते शेजारच्या ध्वनींवरून किंवा सवयीने कळते, एवढेच.

राहिला आघात, आणि मराठी माणसाच्या इंग्रजीत सर्वांत जास्त चुका इथे होतात. इंग्रजी शब्दात ज्या अवयवावर (सिलॅबलवर) जोर असतो तिथलाच स्वर पुरा उच्चारला जातो, बाकीचे बहुतेक पुसट होऊन आपल्या अ च्या जवळ येतात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर असतो. ‘फटॉग्रफी’त तो दुसऱ्यावर सरकतो आणि पहिला ओ विरून जातो. ‘फोटग्रॅफिक’मध्ये शेवटच्या प्रत्ययाने तो आपल्या अलीकडे ओढून घेतलेला असतो, आणि हे ओढणे ‘इकॉनॉमिक’, ‘सायंटिफिक’ अशा शेकडो शब्दांत चालते. ‘नेशन’चे ‘नॅशनल’ होताना स्वर बदलतो तेही नियमाने: शब्दाच्या शेवटी एक अवयव वाढला की स्वर आखडतो, जसे ‘नेचर’चे ‘नॅचरल’. हा पुसट अ आपल्याला परका नाही. ‘डॉक्टर’चा ओ, ‘डॉलर’चा ए आणि ‘लेटर’चा ई ही तीन वेगळी अक्षरे मराठीने कानाने ऐकून एकसारखी ‘अर’ अशी लिहिली, आणि ते अगदी बरोबर आहे. तोच कान ‘कॉम्प्युटर’ आणि ‘फोटोग्राफी’ लिहिताना मात्र स्पेलिंगला शरण गेला. गाइडांत इंग्रजी शब्दाखाली देवनागरीत उच्चार छापतात तेव्हाही हेच होते. इंग्रजी कोशांत जोराच्या अवयवाची खूण देण्याचा रिवाज अठराव्या शतकापासूनचा आहे. आजच्या कोशांत अवयवाच्या आधी वरच्या बाजूला एक बारीक उभी रेघ असते. आपल्या गाइडांच्या देवनागरी ओळीत ती रेघ कुठेच दिसत नाही.