बोलतें यंत्र मुकें कां होतें?

बिनतारी यंत्र म्हटलें कीं घरांतला रेडिओ डोळ्यांपुढें येतो. आज मी ज्या यंत्राविषयीं सांगणार आहें तें मात्र ऐकतें तसेंच बोलतेंहि. पोलिसांच्या गाडींत किंवा रुग्णवाहिकेंत बसविलेलें, अथवा हातांत धरावयाचें, ज्याला सारे वॉकी-टॉकी म्हणतात. मोठ्या गृहसंस्थांच्या पहारेकऱ्यांजवळहि आतां तें दिसतें. पण तें नीट राखण्याचें काम कोणाचें, हें बहुधा कोणासच ठाऊक नसतें.

ता. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां मुंबईच्या बऱ्याच भागांत मोबाइल टेलिफोन निरुपयोगी झाले. भुजच्या २००१ सालच्या भूकंपानंतर हौशी बिनतारी-चालकांनीं आपलीं यंत्रें नेऊन निरोपांची ने-आण केली. अशा वेळीं यंत्र अडलें तर दुरुस्तीला सवड नसते.

या यंत्राचा एक स्वभाव ध्यानांत घ्यावा. ऐकण्यास त्याला थोडी वीज पुरते. बोलण्यास पुष्कळ लागते. गाडींतलें यंत्र ऐकतांना अर्धा अँपिअर घेत असेल, तर ५० वॅट शक्तीनें बोलतांना सुमारें १० अँपिअर घेतें. बॅटरीच्या तारेच्या जोडावर गंज चढून केवळ पाव ओहमचा अडथळा झाला अशी कल्पना करा. ऐकतांना त्यांत एक अष्टमांश व्होल्ट खर्चीं पडेल. तें कोणाला कळणारहि नाहीं. बोलण्याची कळ दाबतांच तेथेंच अडीच व्होल्ट गळतील, आणि बारा व्होल्टांच्या गाडींत एवढी घट झाली कीं यंत्राची शक्ति उतरते किंवा तें बंदच पडतें. ऐकूं येतें त्या अर्थीं बोलतांहि येईल, असें धरून चालणें म्हणूनच फसवें होय. डेट्रॉइटच्या पोलिसांनीं १९२८ सालीं गाड्यांत बसविलेलीं यंत्रें नुसतीं ऐकणारीं होतीं. उत्तर द्यावयाचें तर शिपायाला टेलिफोन गांठावा लागे. गाडींतून उलट बोलण्याची सोय न्यू जर्सींतील बेयॉन येथें १९३३ सालीं झाली. एक गंजलेला जोड आपल्याला त्या पांच वर्षांमागें नेऊन सोडतो!

बाहेरची सफाई सोपी आहे. यंत्र बंद करून, सौम्य साबणाच्या पाण्यांत भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्यानें पुसावें. पेट्रोल किंवा थिनर लावूं नये, प्लॅस्टिक तडकतें. कर्ण्याच्या जाळींतली धूळ मऊ कुंचल्यानें झाडावी. तेथें टांचणी घालण्याचा मोह पुष्कळांना होतो. तिनें धूळ निघण्याऐवजीं आंतला पडदा फाटतो. खरें लक्ष द्यावयाचें तें बॅटरीच्या व चार्जरच्या धातूच्या टिकल्यांकडे. बॅटरी वेगळी करून त्या आयसोप्रोपिल स्पिरिटांत बुडविलेल्या कापसानें पुसाव्या. पॉलिश-कागदानें घासल्यास वरचा मुलामा निघतो आणि पुढच्या पावसाळ्यांत गंज अधिक लवकर चढतो.

कोंकण किनाऱ्यावर खाऱ्या हवेनें एरियलच्या बुडाशीं असलेला जोड हिरवा पडतो. पितळेच्या भांड्यांत ताक कां कळकतें हें ज्या गृहिणीला ठाऊक आहे तिला याचें नवल वाटणार नाहीं. एरियलच्या तारेंत पाणी शिरलें तर ती बदलण्यावांचून गत्यंतर नाहीं. एरियल बिघडलें कीं शक्ति बाहेर न पडतां मागें फिरते. मध्यें एक लहानसें मापक जोडून ती मोजतां येते. त्यावर तिनास एक असें प्रमाण दिसलें तर चतुर्थांश शक्ति परत येत आहे असें समजावें. एरियल काढलेलें असतांना बोलण्याची कळ दाबणें तर घातकच. आंतला ट्रान्झिस्टर जळण्याचा संभव असतो.

लिथियमची बॅटरी बरेच दिवस ठेवावयाची असल्यास अर्धी भरून थंड जागीं ठेवावी, असा नियम आहे. पण संकटासाठीं राखलेलें यंत्र अर्ध्या बॅटरीवर कसें चालेल? दोन बॅटऱ्या ठेवून त्या आळीपाळीनें भराव्या, हा उपाय मला बरा वाटतो. फुगलेली बॅटरी तत्काळ बाद करावी.

आणि आठवड्यांतून एकदां यंत्रावरून प्रत्यक्ष बोलून पाहावें. नेहमीच्याच जागेवरून, नेहमीच्याच माणसाशीं, अर्धें मिनिट पुरे. जागा तीच असली तरच मागल्या खेपेपेक्षां आवाज खरखरीत झाला हें पलीकडच्याला ओळखतां येतें. तसें त्यानें सांगितलें तर आधीं जोड आणि बॅटरी तपासावी. पेटी उघडणें हें जाणत्या कारागिराचें काम. तिच्या कडेची रबरी पट्टी एकदां जागची हलली कीं पाणी आंत शिरावयास वाट होते.