नाउशिका: चित्रपट संपला, गोष्ट चालूच राहिली

हायाओ मियाझाकी यांनी नाउशिकाची गोष्ट दोनदा सांगितली. 'ॲनिमेज' या जपानी मासिकाच्या फेब्रुवारी १९८२ च्या अंकात मंगाचा पहिला हप्ता आला आणि मार्च १९९४ च्या अंकात शेवटचा. मध्येच, ११ मार्च १९८४ रोजी, याच गोष्टीवरचा जेमतेम दोन तासांचा ॲनिमे चित्रपट जपानमध्ये प्रदर्शित झाला. मंगा आणि ॲनिमे शेजारी ठेवले की एरवी आपण पाहतो ते एवढंच, की दिग्दर्शकाने मूळ लेखकाचा मान राखला का. नाउशिकाच्या बाबतीत लेखक आणि दिग्दर्शक एकच. आणि या माणसाने चित्रपट गाजल्यानंतर पुढची दहा वर्षं मंगाच्या पानांवर आपल्याच चित्रपटाने दिलेलं उत्तर खोडून काढलं. कलावंताचं स्वतःशी इतकं लांबलेलं आणि इतकं प्रामाणिक भांडण मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

सुरुवात मात्र अगदी व्यवहारी कारणाने झाली. मियाझाकींनी तोवर 'फ्यूचर बॉय कोनान' ही टीव्ही मालिका (१९७८) आणि 'कॅसल ऑफ काग्लिओस्त्रो' हा चित्रपट (१९७९) केला होता. चाळिशीला आलेल्या या माणसाकडे कल्पना भरपूर होत्या, पैसे लावणारा कुणी नव्हता. 'ॲनिमेज'चे संपादक तोशिओ सुझुकी यांनी त्यांच्या चित्रपटाचे प्रस्ताव मासिकाच्या मालकांकडे, म्हणजे तोकुमा प्रकाशनाकडे नेले. आधी गाजलेली मंगा पाठीशी नसेल तर चित्रपट नाही, असं सांगून ते परत पाठवले गेले. मग मंगाच काढायची ठरली.

नायिकेचं नाव होमरच्या 'ओडिसी'तल्या राजकन्येचं. तिच्या स्वभावाचं बीज हेइआन काळातल्या एका जुन्या जपानी कथेत सापडतं. त्या कथेतली मुलगी भुवया कोरत नाही, दात काळे करत नाही, फुलपाखरांपेक्षा सुरवंटांत रमते. आणि गोष्टीच्या तळाशी आहे मिनामाता. क्युशू बेटावरच्या या उपसागरात एका रासायनिक कारखान्याने वर्षानुवर्षं पारा सोडला, मासे खाणारी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या पंगू झाली. पुढे तिथली मासेमारी थांबली आणि त्या विषारी पाण्यात माशांचे थवे परत वाढू लागले. ते ऐकून आपल्या अंगावर काटा आला, असं मियाझाकींनी सांगितलेलं आहे. माणसाने टाकलेलं विष पोटात घेऊन दुसरे जीव जगतात, ही जाणीव मंगात आणि चित्रपटात सारखीच वाहते.

दोन्हीकडचं जगही एकच. 'अग्नीचे सात दिवस' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महायुद्धाला हजार वर्षं होऊन गेली आहेत. पृथ्वीवर विषारी बुरशीचं प्रचंड अरण्य पसरतंय, त्यात घरांएवढे किडे राहतात, त्यांतले सर्वांत मोठे म्हणजे ओमू. अरण्याच्या कडेला, समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याच्या आधाराने एक छोटं खोरं टिकून आहे. नाउशिका तिथली राजकन्या. ती पंखासारख्या हलक्या ग्लायडरवरून उडते आणि किड्यांशी बोलते.

चित्रपटात हे जग जितक्या झटक्यात अंगावर येतं तितकं कागदावर येत नाही, हे आधी मान्य करायला हवं. ओमूंची चाल पाहा. त्यांच्या अंगाचे एकावर एक आलेले पट्टे वेगवेगळे कापून, लवचीक पट्ट्यांनी जोडून, कॅमेऱ्याखाली थोडे थोडे सरकवले गेले. त्यामुळे ते अवजड शरीर खरोखर सरपटल्यासारखं दिसतं. शेवटी अर्धवट अवस्थेत उठवलेला, वितळत चाललेला महाकाय देवयोद्धा काढला तो हिदेआकी आन्नो या तेव्हाच्या अगदी कोवळ्या चित्रकाराने. हाच आन्नो पुढे 'इव्हँजेलियन'चा कर्ता म्हणून नावारूपाला आला. जो हिसाइशींचं संगीत आणि त्यांच्याच चार वर्षांच्या मुलीच्या आवाजातलं ते शब्दांशिवायचं गाणं वजा केलं तर चित्रपट अर्ध्यावर येईल. उड्डाणाचा आनंद तर मंगात दिसतो, चित्रपटात तो पोटात जाणवतो. मंगाची पानं मोठ्या आकाराची, तपकिरी शाईत छापलेली आणि बारीक रेघांनी इतकी गच्च, की एकेका पानावर डोळा अडकून राहतो.

पण या चित्रपटाला मंगातून मिळालेला मजकूर जेमतेम पहिल्या दोन खंडांचा. तो दोन तासांत बसवताना मियाझाकींनी सर्वांत मोठा कट राजकारणावर मारला. मंगात दोन साम्राज्यं आहेत, तोरुमेकिया आणि दोरोक. वाऱ्याचं खोरं तोरुमेकियाचं मांडलिक आहे, त्यामुळे आजारी बापाच्या जागी नाउशिकाला तोरुमेकियाच्याच बाजूने युद्धावर निघावं लागतं. चित्रपटात दोरोक पूर्ण गायब. तिथे तोरुमेकियाचं सैन्य खोऱ्यावर चालून येतं, राजाला अंथरुणातच मारतं. आक्रमक कोण आणि निष्पाप कोण हे पहिल्या अर्ध्या तासात ठरतं. ओमूच्या पिलाला छळून ओमूंचा कळप शत्रूवर सोडण्याचं नीच कृत्य मंगात दोरोक करतात. चित्रपटात ते पेजिते नावाच्या लहान राज्याच्या माथी येतं.

या काटछाटीची सर्वांत मोठी किंमत मोजली कुशानाने. चित्रपटातली तोरुमेकियाची ही सेनानी राजकन्या थंड आहे, हात गमावलेली आहे, सूडाने पेटलेली आहे, आणि तेवढीच आहे. मंगातली कुशाना मला सबंध मालिकेतली सर्वांत घडवलेली व्यक्तिरेखा वाटते. तिच्यासाठी ठेवलेला विषाचा प्याला तिची आई पिते आणि वेडी होते. बाप आणि भाऊ तिला तिच्या सैन्यासकट मरायलाच पाठवतात. ती निर्दय आहे, तिच्या हुकमाने गावं बेचिराख झालेली आहेत. तरी किड्यांच्या हल्ल्यात सापडल्यावर ती जखमी सैनिकांना जवळ घेऊन अंगाई गाते. तिचा तिरस्कार करावा की तिच्यासाठी रडावं हे वाचक ठरवू शकत नाही. नाउशिकालाही ते ठरवता येत नाही.

आणि इथेच खुद्द नाउशिकासुद्धा बदलते. चित्रपटात ती युद्धाच्या मधोमध असूनही युद्धाच्या वर उभी आहे. मंगात दोरोक कैद्यांची सुटका व्हावी म्हणून ती कुशानाच्या घोडदळाबरोबर चढाईवर जाते. तिला वाचवताना अनोळखी सैनिक एकामागून एक पडतात, तिला पाठीवर घेऊन धावणारा तिचा स्वारीचा पक्षी काई मरतो. आपल्या चांगुलपणाची किंमत इतरांच्या रक्ताने चुकवली जाते, हे तिला त्या दिवशी कळतं आणि पुढचे सगळे खंड ती ते ओझं घेऊन चालते.

चित्रपटाचा शेवट बहुतेकांना आठवत असेल. उधळलेल्या ओमूंसमोर नाउशिका उभी राहते, त्यांच्या लोंढ्यात सापडते, आणि मग ओमू आपल्या सोनेरी तंतूंनी तिला उचलून पुन्हा जिवंत करतात. निळ्या वस्त्रातली मुलगी सोन्याच्या शेतातून चालत येते, जुनं भाकीत खरं ठरतं. हा शेवट मियाझाकींच्या मनात पहिल्यापासून नव्हता. ओमूंसमोर ती उतरते तिथेच थांबायचं असं त्यांच्या मनात होतं. सुझुकी आणि निर्माते इसाओ ताकाहाता यांना ते अपुरं वाटलं, बोलता बोलता पुनर्जन्म पुढे आला. ताकाहातांनी पुढे जाहीरपणे सांगितलं, की निर्माता म्हणून या चित्रपटाला मी पैकीच्या पैकी गुण देईन, पण मित्र म्हणून तीसच. मियाझाकींना स्वतःलाही तो धार्मिक चमत्कार खटकत राहिला. मी हा चित्रपट पाहते तेव्हा त्या क्षणी डोळे भरून येतातच; पण मंगा वाचल्यावर त्या अश्रूंवर पूर्वीसारखा भरवसा राहत नाही.

चित्रपटाच्या यशावर १९८५ मध्ये स्टुडिओ जिबली उभा राहिला आणि मंगाचं काम अडखळू लागलं. 'लापुटा', 'तोतोरो', 'किकी', 'पोर्को रोसो' या चित्रपटांसाठी मालिका पुनःपुन्हा थांबली, कधी दोन-दोन वर्षांहून जास्त. पण या थांबण्यांमुळेच मंगाला तिचं खोल पाणी मिळालं असं माझं मत आहे. प्रत्येक वेळी मियाझाकी परतले ते थोडे बदललेले माणूस म्हणून. 'पोर्को रोसो'च्या ॲड्रियाटिक समुद्राची चित्रं काढली जात असताना त्याच किनाऱ्यावर युगोस्लाव्हियाचं युद्ध पेटलं. एवढ्या शतकानंतर माणसं पुन्हा तेच करताहेत, या धक्क्याबद्दल आणि तरुणपणापासून जवळ बाळगलेल्या मार्क्सवादापासून आपण दूर गेलो याबद्दल ते नंतरच्या मुलाखतींत मोकळेपणाने बोलले. शेवटच्या खंडांवर या सगळ्याची सावली आहे.

युद्ध जिंकण्यासाठी दोरोकांनी प्रयोगशाळेत घडवलेली बुरशी हाताबाहेर जाते, देशच्या देश गिळते. ओमू हजारोंच्या संख्येने दक्षिणेकडे निघतात. ते हल्ला करायला निघालेले नसतात. त्या बुरशीत मरून, आपल्या शरीरातून नवं अरण्य उगवावं आणि माणसाचं हे पाप त्यात सामावलं जावं म्हणून ते चाललेले असतात. चित्रपटात ओमू नाउशिकाला जीवदान देतात. मंगात ती त्यांच्याबरोबर मरायची परवानगी मागते आणि एक ओमू तिला तोंडात धरून मरणापासून वाचवतो. एकच प्रसंग दोनदा काढला गेला असं वाटतं, फक्त दुसऱ्या वेळी चमत्काराची जागा शोकाने घेतली आहे.

मग येतं दोरोकांच्या शुवा नगरीतलं बोलणारं थडगं, आणि त्यातून निघालेलं सत्य चित्रपटाच्या पायालाच हात घालतं. दोन्हीकडे नाउशिकाला कळतं, की विषारी अरण्य खरं तर माती आणि पाणी शुद्ध करतं आहे. चित्रपटात ही निसर्गाची माया आहे. शेवटच्या चौकटीत अरण्याच्या तळाशी, स्वच्छ वाळूत हिरवा कोंब उगवलेला दिसतो आणि प्रेक्षक निश्चिंत होऊन उठतो. मंगात उलगडतं, की हे अरण्य हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी जाणूनबुजून रचलं होतं. पृथ्वी धुऊन निघेल, मग थडग्यात जपून ठेवलेली नवी, शांत, सुधारित मानवजात अंड्यांतून बाहेर येईल, असा तो बेत. आज जगणारी माणसं विष पचवू शकतील अशा शरीराची बनवलेली आहेत. शुद्ध हवेत त्यांची फुप्फुसं रक्त ओकतील. म्हणजे चित्रपटात ज्या कोंबाकडे पाहून आपण सुखावलो, तो फोफावला की नाउशिकाच्या वंशाला श्वास घेता येणार नाही.

शुवाच्या थडग्याशी नाउशिकाचा जो वाद होतो तो मला आधुनिक चित्रकथेतल्या सर्वांत धाडसी पानांपैकी वाटतो. थडगं तिला सांगतं, की थोडं सोसा, पुढे सगळं निर्मळ होईल, रोग, द्वेष, यातना उरणार नाहीत. ती नकार देते. दुःख वजा करून कुणीतरी बाहेरून आखलेलं माणूसपण तिला मान्य नाही. मग ती ओमा या देवयोद्ध्याकरवी ते थडगं उद्ध्वस्त करते. चित्रपटात क्षणभर उठून वितळणारं हे अस्त्र मंगात तिला आई म्हणतं. त्याला आवर घालावा म्हणून ती त्याची आई झालेली असते, आणि त्या खोटेपणाची टोचणी तिला सुटत नाही. थडग्यातून वाहणारं रक्त ओमूंच्या रक्ताच्याच रंगाचं आहे, हेही तिच्या लक्षात येतं. म्हणजे ज्यांना तिने आयुष्यभर निसर्ग म्हणून जीव लावला, तेही त्याच माणसांनी घडवलेले. तिने नष्ट केलं त्यात जन्माला न आलेल्या शांत माणसांची अंडीही होती. बाहेर आल्यावर अरण्यवासी सेल्म आणि ती हे सत्य लोकांपासून लपवून ठेवतात. नायिका सामूहिक आशेचा स्रोत बंद करते आणि खोटं बोलून लोकांना जगायला सांगते, असा शेवट नुसता चित्रपट पाहणारा कल्पूच शकत नाही.

जपानमध्ये मंगा संपली त्याच वर्षी तिला तिथल्या व्यंगचित्रकार संघटनेचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. तीन वर्षांनी आलेला मियाझाकींचा 'प्रिन्सेस मोनोनोके' हा चित्रपट मला या सात खंडांचा वारसदार वाटतो. त्यातली इबोशी कुशानाशिवाय घडली नसती, आणि तिथे कुठलंच भाकीत कुणाला सोडवायला येत नाही.

परदेशात चित्रपटाचे हाल झाले. १९८५ मध्ये अमेरिकेत त्याची वीसेक मिनिटं कापून, नावं बदलून, 'वॉरियर्स ऑफ द विंड' या नावाने तो मुलांची साहसकथा म्हणून विकला गेला. आपल्याकडे २०२० मध्ये जिबलीचे चित्रपट नेटफ्लिक्सवर आले तेव्हा नाउशिका अखंड पाहायला मिळाली. पण माझ्या ओळखीत ज्यांनी ती पाहिली त्यांतल्या बहुतेकांना हे सात खंड आहेत याचा पत्ताच नव्हता, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. ते इंग्रजीत पूर्ण उपलब्ध आहेत.

उरलेल्या मंगावर जिबलीने दुसरा चित्रपट केला नाही. ती सबंध गोष्ट रंगमंचावर आणण्याचं धाडस केलं काबुकीने. डिसेंबर २०१९ मध्ये तोक्योच्या शिनबाशी एनबुजो नाट्यगृहात ओनोए किकुनोसुके यांनी नाउशिका साकारली, दुपार आणि संध्याकाळ अशा दोन भागांत, सातही खंडांसकट. दोन तासांच्या चित्रपटात न मावलेले दोरोक आणि शुवाचं थडगं यांना जागा मिळाली ती अशा रंगपरंपरेत, जिला दिवसभर चालणाऱ्या नाटकाची मुळीच भीती वाटत नाही. नव्याने येणाऱ्याला मी क्रम सांगेन तो चित्रपट आधी, मंगा नंतर. हिरव्या कोंबावर आधी जीव जडलेला असला, तरच सातव्या खंडात नाउशिकाने काय गमावलं ते समजतं.