घातांकाचे मर्म

२ चा ५ वा घात किती, असे वर्गात विचारले की पुष्कळ मुले '१०' असे उत्तर देतात. ही चूक आळसाची नव्हे. घातांक म्हणजे गुणक, असा त्यांचा समज झालेला असतो. वस्तुतः पायाच्या खांद्यावर लिहिलेला तो लहान अंक एवढेच सांगतो, की पाया किती वेळा मांडून गुणाकार करावयाचा. २ × २ × २ × २ × २, म्हणजे ३२. फ्रेंच गणिती देकार्त याने ही रीत १६३७ च्या आपल्या ग्रंथात योजिली व पुढे ती रूढ झाली.

दुसरा खळगा ऋण चिन्हाचा. कंसातील उणे ३ चा वर्ग ९. परंतु कंस नसल्यास आधी ३ चा वर्ग करावा व मग उणे चिन्ह द्यावे. उत्तर उणे ९.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. दरसाल दर शेकडा १० प्रमाणे १०० रुपयांचे देणे सरळव्याजाने १० वर्षांत २०० होते, चक्रवाढीत १.१ चा १० वा घात घ्यावा लागतो, आणि तेच देणे सुमारे २५९ रुपयांवर जाते. ज्याला घातांक उमगला, त्याला हे ५९ रुपये कर्जरोख्यावर सही करण्यापूर्वीच दिसतात.