शिक्षकाची मुलाखत आणि येवल्याचा माग

अध्यापनाच्या अभ्यासक्रमास प्रवेश मिळविणें ही गोष्ट महाराष्ट्रांत आतां बरीचशी गुणांच्या हिशेबावर येऊन ठेपली आहे. बी. एड. करूं इच्छिणाऱ्या पदवीधरास राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेसाठीं बारावीचे गुण पाहिले जातात. त्यामुळें मुलाखतीचें प्रयोजन संपलें, असा पुष्कळांचा समज होतो. तो खरा नाहीं. शिक्षणशास्त्राचे अभ्यासक्रम चालविणारीं कांहीं विद्यापीठें लेखी परीक्षेनंतर उमेदवारास समोर बसवून पारखून घेतात. पुढें पवित्र पोर्टलवरून खाजगी संस्थेंत नेमणूक मागतांना ‘मुलाखतीसह’ हा मार्ग पत्करणाऱ्यास तर पाठ घेऊन दाखविण्याचीहि तयारी ठेवावी लागते.

या मुलाखतीची तयारी बहुधा चुकीच्या टोंकापासून सुरू होते. ‘शिक्षक कां व्हावयाचें?’ या प्रश्नास ‘मला लहानपणापासून आवड आहे’ हें उत्तर घोटून ठेवलेलें असतें. सकाळपासून तेंच वाक्य दहा वेळां ऐकलेल्या मंडळास त्यांत कांहींच सांपडत नाहीं. येवल्यासारख्या तालुक्याच्या गांवाहून आलेल्या उमेदवाराची आणखी एक अडचण असते. आपली बोली, आपलें घर, घरांतील धंदा हें सारें उणेपणाचें आहे असें तो मनांत धरून बसतो. विणकराच्या घरांतील मुलगी मागाचा उल्लेखहि टाळूं पाहते. वास्तविक तिच्याजवळ जें आहे तें कोणत्याहि मार्गदर्शक पुस्तकांत नाहीं.

१९३७ च्या ऑक्टोबरांत वर्धा येथें भरलेल्या शिक्षण परिषदेंत गांधीजींनीं मुलाचें शिक्षण हस्तव्यवसायाभोंवतीं गुंफावें असा विचार मांडला, आणि झाकीर हुसेन समितीनें त्यास अभ्यासक्रमाचें रूप दिलें. ती योजना पुढें फारशी टिकली नाहीं. पण तिच्यांतील मर्म जुनें झालें नाहीं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांतहि स्थानिक कारागिरीस जागा आहे. येवल्याचा माग हा त्या मर्माचा चालता बोलता नमुना होय. पैठणीच्या पदराची नक्षी विणतांना प्रत्येक रंगाचा रेशीमधागा निरनिराळ्या तिल्लीवर असतो, आणि विणकर ताण्याचे धागे मोजून त्या तिल्ल्या फिरवितो. ही मोजणी म्हणजे अंकगणितच. बांगडी-मोरांत वर्तुळ आहे, त्याचा मध्य आहे. पदर उलटून पाहिला तरी नक्षी सुलट बाजूसारखीच दिसते, तेथें सममितीचा पाठ आपोआप सुरू होतो. रेशीम बंगळूरकडून येतें, जर सुरतेहून येते. भिंतीवर नकाशा लावला कीं भूगोल तयार. (मंडळापुढें पैठणीच नेसून जाण्याची मात्र कांहीं गरज नाहीं.) ज्याच्या घरीं माग नसेल त्याला संक्रांतीचा पतंग आहे. आसारीच्या एका फेऱ्यांत किती दोरा गुंडाळला जातो, हा प्रश्न येवल्याच्या पोरांना परिघाच्या सूत्रापेक्षां खचित लवकर समजेल.

असा दहा मिनिटांचा एक पाठ पक्का बसवावा. हर्बार्टच्या नांवानें ओळखली जाणारी पंचपदी किंवा सूक्ष्म अध्यापनांतील कौशल्यांचीं नांवें ठाऊक असणें बरें. पण तीं नांवें घेऊन दाखविण्यापेक्षां मुलांना ठाऊक असलेल्या गोष्टीपासून आरंभ करणें मंडळाच्या नजरेंत अधिक भरतें.

‘मूल ऐकत नसेल तर काय कराल?’ या प्रश्नावर ‘थोडा धाक हवाच’ असें उत्तर सहज तोंडून निसटतें. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ सालीं झाला, १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला, आणि त्याच्या सतराव्या कलमानें शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस बंदी केली आहे. कलमाचा आंकडा विसरला तरी चालेल. मूल कां ऐकत नाहीं, त्याला भूक लागली आहे, फळा दिसत नाहीं कीं शिक्षकाची भाषाच कळत नाहीं, हें आधीं शोधीन, असें उमेदवारास मनापासून म्हणतां आलें पाहिजे. आणि भाषेच्या बाबतींत घरची बोली बोलणारा शिक्षक त्या मुलाच्या अधिक जवळचा असतो.

‘तुमच्या गांवाबद्दल सांगा,’ हा प्रश्न वरवर सोपा. तात्या टोपे यांचें जन्मगांव, पैठणीचें गांव, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं येथें केलेली धर्मांतराची घोषणा, एवढें सांगून उमेदवार थांबतो. जाणता परीक्षक तेथेंच पुढें विचारतो : ही घोषणा चौथीच्या वर्गाला कशी समजावून द्याल? त्या वर्गांत ज्यांच्या पणजोबांना पाणवठ्यावर मज्जाव होता अशीं मुलें असतात, आणि ज्यांच्या पणजोबांनीं तो मज्जाव केला त्यांचींहि असतात. येथें तारीख पाठ असून भागत नाहीं. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० सालीं सुरू झाला. पांच वर्षांनंतरहि तें दार अस्पृश्यांना उघडलें नव्हतें. हा क्रम सांगितला म्हणजे घोषणेमागचें कारण मुलांना उमगूं लागतें. खऱ्याला मुरड न घालतां आणि एकाहि मुलास मान खालीं घालावी न लागतां हें सांगणें कठिण आहे. इतर दहा उत्तरांना मिळून जितका वेळ दिला, तितका या एकट्याला द्यावा. तें पुरतें साधलें नाहीं तरी, प्रश्न किती अवघड आहे हें उमेदवारास कळलें आहे, एवढें मंडळास दिसलें तरी पुष्कळ.

राहतां राहिली तालीम. ती आरशापुढें करूं नये; आरसा कधीं शंका विचारीत नाहीं. शेजारचें आठ-नऊ वर्षांचें मूल समोर बसवावें आणि तो दहा मिनिटांचा पाठ त्यालाच शिकवावा. तें मध्येंच तोडून विचारील, दुसरीकडे पाहील, कंटाळलें तर उठूनहि जाईल. तें नेमकें कोणत्या वाक्यापाशीं उठलें, तें वहींत टिपून ठेवावें.