थरारपट आणि आक्रसणारी नजर

हिचकॉकच्या १९६१च्या एका टीव्ही-कथेत लहान मुलगा खरं रिव्हॉल्व्हर खेळण्यातलं समजून गावभर फिरवतो. आपल्याला ठाऊक असतं, त्याला नाही. मेंदूशास्त्रज्ञ उरी हॅसन यांच्या गटाने ही कथा प्रेक्षकांना एमआरआय यंत्रात दाखवली. २००८च्या त्यांच्या निबंधानुसार मेंदूच्या बाह्यस्तराच्या ६५ टक्क्यांहून अधिक भागात सगळ्यांचे प्रतिसाद बरोबरीने चढत-उतरत होते. न्यूयॉर्कमधल्या एका बागेच्या सलग, विनासंकलन चित्रणात हे प्रमाण पाच टक्क्यांखाली! म्हणजे कमाल कात्रीची. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या २०१५मधल्या प्रयोगात तर पडद्यावरचा ताण वाढताच नजरेच्या कडेचं टिपणारा मेंदूचा भाग मंदावलेला दिसला. शेवटच्या मिनिटातल्या धक्क्यापेक्षा मला हा आधीचा जीवघेणा ताणच मोठी कारागिरी वाटते. धक्का काय, दार आपटूनही देता येतो.