पऱ्हाटीचा कोळसा व काळी माती : फवारणीच्या धुवणाचे शोधन

वर्धा नदीच्या काठचे कौंडण्यपूर हे रुक्मिणीमातेचे माहेर म्हणून सर्वश्रुत आहे. ह्या परिसरातील काळ्या जमिनीत कापूस, तूर व सोयाबीन ही पिके होतात. खरिपातील फवारणीनंतर पंप विहिरीवर किंवा नाल्यावर धुतला, की औषधाचा अंश पाण्यात उतरतो. ही औषधे किती घातक आहेत हे २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात दिसून आले. तेथे फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले.

हे धुवण शुद्ध करण्याच्या कामी येणारे दोन्ही पदार्थ शेतातच आहेत. काळ्या मातीतील माँटमोरिलोनाइट ह्या खनिजाच्या पापुद्र्यांवर ऋण विद्युत्‌भार असतो. त्यामुळे तांबे, शिसे ह्यांसारख्या धातूंचे धनभारित कण आणि पॅराक्वाट हे तणनाशक त्यास घट्ट चिकटतात. कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांत इतर अनेक कीटकनाशके अडकतात. मात्र नुसती माती भिजून फुगते व पाणी अडविते. नुसता कोळसा पाण्यावर तरंगून वाहून जातो. दोहोंच्या संयोगाने हे दोन्ही दोष कमी होतात.

कृती : पऱ्हाटीचे वीतभर तुकडे चिकणमातीच्या पातळ राबडीत बुडवून वाळवावेत. ते झाकणाच्या लोखंडी पिंपात भरून, धूर निघण्यापुरते छिद्र ठेवून, पिंपास बाहेरून आच द्यावी. धूर थांबल्यावर पिंप न उघडता निववावे. माती विटेसारखी पक्की भाजू नये; वीट पाण्यात फुगत नाही, तसेच अतिउष्णतेने मातीची धारणशक्ती जाते. पऱ्हाटी वेळेवर काढल्याने गुलाबी बोंडअळीचा आसराही नाहीसा होतो.

उपयोग : स्वीडनमध्ये १९९३ पासून असे धुवण जिरविण्यासाठी खड्डे वापरात आहेत. तळाशी चिकणमातीचा थर, त्यावर पेंढा, माती व पीट ह्यांचे मिश्रण आणि वर गवत, अशी त्यांची रचना असते. पेंढ्यावर वाढणारे सूक्ष्म जीव औषधाचे विघटन करतात. आपल्याकडे पीटच्या जागी वरील मिश्रण योजून प्रात्यक्षिक घेता येईल. खड्डा विहीर व नाल्यापासून दूर, पावसापासून आडोशाला असावा. काळी जमीन सुकल्यावर भेगाळते व भेगांतून पाणी थेट खाली जाते. म्हणून तळाचा थर ओलसर राखावा.

दक्षता : नायट्रेट व फ्लोराइड हे ऋणभारित असल्याने ह्या मिश्रणात फारसे अडकत नाहीत. रोगजंतूंचीही खात्री देता येत नाही. म्हणून त्यातून निघालेले पाणी पिण्यास वापरू नये व गुरांनाही पाजू नये. वापरलेले मिश्रण शेतात पसरू नये. त्यात धरलेले धातू कुजून नाहीसे होत नाहीत.

रिकामा डबा तीन वेळा विसळून ते पाणी पंपातच ओतावे व पिकावर फवारावे, हा पहिला उपाय होय. उरलेल्या धुवणापुरताच खड्डा योजावा. ग्रामसेवकांनी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा सल्ला घेऊन गावात एक प्रात्यक्षिक घडवून आणावे. शेतकरी बंधूंनीही पंप विहिरीवर न धुण्याचा निश्चय आजच करावा.