शिवीविना दरारा

रॅप हा शब्द निघाला की आपल्या बहुतेक घरांत एकच चित्र डोळ्यांसमोर येतं. गळ्यात जाड साखळी, डोक्यावर उलटी टोपी, जोरजोरात हातवारे आणि चारचौघांत ऐकवत नाही अशी भाषा. अब्बा म्हणतात, "बंद कर ते." अम्मी म्हणते, "हे कसलं गाणं? हे तर भांडण चाललंय." मुलगा इअरफोन कानात घालतो आणि बोलणं तिथेच संपतं.

मुलांचाही एक पक्का समज असतो. आमच्या चांदूर रेल्वेसारख्या लहान गावातल्या आठवी-नववीच्या पोरांना विचारा. शिव्या देणारा रॅपर म्हणजे अस्सल, गल्लीतला, दमदार. आणि शिवी न देणारा म्हणजे नरम, "बच्चोंवाला". मोठ्यांना ज्याची भीती वाटते त्याचंच मुलांना आकर्षण वाटतं, पण दोघांचा हिशेब एकच आहे: ज्याची जीभ सैल, त्याचा गल्लीत दरारा.

हा हिशेब कितपत खरा आहे, हे काही माणसांच्या गोष्टींतून तपासून पाहू. संगीताविषयी आपल्याकडे मतभेद आहेत आणि काही घरांत वाद्यं वर्ज्य मानली जातात, याची जाणीव ठेवूनच हे लिहीत आहे. काय ऐकायचं हा निर्णय प्रत्येक घराने आपापला घ्यावा. पण मुलं ऐकत आहेत, आणि ती काय ऐकतात हे मोठ्यांना ठाऊक असायला हवं.

कुर्ल्याची 'आफत'

मुंबईतल्या कुर्ला पश्चिमचा पिनकोड ४०००७०. दाट वस्ती, अरुंद गल्ल्या, छोटे कारखाने आणि शेजारून धावणाऱ्या लोकल. इथे वाढलेल्या नावेद शेख या मुलाला आज 'नेझी' या नावाने ओळखतात. लहानपणी आपण फार उनाड होतो, टवाळखोर पोरांत वावरलो, प्रकरण पोलिसांपर्यंतही गेलं, हे त्याने स्वतःच मुलाखतींत सांगितलं आहे. जमैकाच्या शॉन पॉलची गाणी ऐकून, त्याची नक्कल करता करता त्याला शब्दांचा नाद लागला. पुढे तो स्वतःचं लिहू लागला.

२०१४ च्या सुरुवातीला त्याने 'आफत' नावाचं गाणं केलं. स्टुडिओ नव्हता, कॅमेरामन नव्हता. एका आयपॅडवर आवाज रेकॉर्ड केला, त्याच आयपॅडवर आपल्याच वस्तीत व्हिडिओ घेतला आणि इंटरनेटवर टाकला. गाण्याचं नावही पाहण्यासारखं आहे. घरातली मोठी माणसं वैतागून पोराला जो शब्द लावतात, तोच त्याने स्वतःला लावून घेतला. त्याच वर्षी त्याच्यावर 'बॉम्बे ७०' हा लघुपट निघाला आणि मुंबईच्या चित्रपट महोत्सवात त्याचं कौतुक झालं. नावातला सत्तर हा आकडा कुर्ल्याच्या पिनकोडमधला. २०१५ मध्ये अंधेरीच्या डिव्हाइनसोबत त्याने 'मेरे गली में' केलं आणि दोघांची नावं देशभर पोहोचली.

मग या मुलाचा गल्लीत दबदबा कशामुळे झाला? मारामारी करणारी पोरं कुर्ल्यात आधीही होती. त्यांची नावं फार तर पोलीस ठाण्याच्या वहीत राहिली. नावेदने वस्तीतल्या अडचणी वस्तीच्याच हिंदीत आणि वस्तीतच उभं राहून सांगितल्या. त्याची गाजलेली गाणी शिवीगाळीवर उभी नाहीत. ज्या पोरांना बाहेरचं जग आधीच गुंड समजून मोकळं झालेलं असतं, त्यांच्यातला एक जण कॅमेऱ्यासमोर येतो आणि आपलं म्हणणं तालासुरात मांडतो, याचं गल्लीला अप्रूप वाटलं.

२०१८ च्या सुमारास तो काही काळ गाण्यापासून दूर झाला. घर, दीन आणि संगीत यांत आपली ओढाताण होत होती, असं त्याने नंतर सांगितलं. यश दारात उभं असताना थांबून स्वतःला प्रश्न विचारायला हिंमत लागते. त्याचं उत्तर प्रत्येकाला पटेलच असं नाही; तो पुढे पुन्हा गाण्याकडे वळला. पण त्याने हा प्रश्न स्वतःला विचारला, हे त्याची गाणी पाठ करणाऱ्या मुलांना सहसा ठाऊक नसतं. २०२४ मध्ये 'बिग बॉस ओटीटी'च्या तिसऱ्या पर्वात तो उपविजेता ठरला. आरडाओरड्यावर चालणाऱ्या त्या घरात हा कुर्ल्याचा 'आफत' शांत राहणारा माणूस म्हणून लोकांच्या लक्षात राहिला.

पडद्यावरचा मुराद

१४ फेब्रुवारी २०१९ रोजी झोया अख्तर यांचा 'गली बॉय' प्रदर्शित झाला. नावेद आणि डिव्हाइन यांच्या आयुष्यांवरून त्याची प्रेरणा घेतलेली होती. रणवीर सिंगने केलेला मुराद धारावीत राहतो, त्याचे वडील ड्रायव्हर आहेत आणि घरात तणाव आहे. भारताने त्या वर्षी ऑस्करसाठी हाच चित्रपट पाठवला. आपल्यापैकी अनेकांना रॅप ही काय चीज आहे, हे या चित्रपटामुळेच कळलं.

पण चित्रपट म्हणजे चरित्र नव्हे. मुराद मित्राच्या नादाने गाड्या चोरायला जातो, ते प्रसंग पटकथेसाठी आहेत. तरीही पाहणाऱ्या पोरांच्या मनात रॅपर व्हायचं तर आधी थोडी गुन्हेगारी करावी लागते, असं बसतं. आईबापांच्या मनात रॅप ऐकणारा त्याच वाटेने जाणार, असं बसतं. मुराद रात्री जागून वहीत लिहितो, पुन्हा पुन्हा खोडतो, हा भाग मात्र दोघांच्याही नजरेतून सुटतो.

आजीची चिठ्ठी

शिव्या न देणारा रॅपर नरम, हा वाद फक्त आपल्याकडचा नाही. रॅप जिथे जन्माला आला त्या अमेरिकेत तो चाळीस वर्षांपासून चालू आहे, आणि त्याच्या मध्यभागी एक नाव आहे: विल स्मिथ. आपण त्याला नट म्हणून ओळखतो. महंमद अलींची भूमिका त्याने २००१ च्या 'अली' या चित्रपटात केली आणि २०१६ मध्ये लुईव्हिल शहरात अलींच्या जनाज्याला खांदा देणाऱ्यांत तो होता. पण त्याची सुरुवात रॅपर म्हणून झाली.

फिलाडेल्फियात तो बारा-एक वर्षांचा असताना त्याची रॅपची वही आजीच्या हाती लागली. वहीत शिव्या होत्या. आजी ओरडली नाही आणि वहीही फाडली नाही. तिने वहीतच लिहून ठेवलं की, खऱ्या हुशार माणसाला म्हणणं मांडायला असे शब्द लागत नाहीत. त्या दिवसापासून आपण गाण्यात शिव्या वापरल्या नाहीत, असं तो सांगत आला आहे. १९८९ मध्ये ग्रॅमी पुरस्कारांत रॅपचा विभाग पहिल्यांदाच सुरू झाला आणि पहिला पुरस्कार त्याला व त्याचा जोडीदार जॅझी जेफ याला मिळाला. हा पुरस्कार टीव्हीवर दाखवणार नाहीत हे कळल्यावर त्यांनी समारंभावर बहिष्कार टाकला. शिवी न देणाऱ्या मुलाला अपमान कळत होता आणि त्याचा निषेधही करता येत होता.

तरीही इतर रॅपरांनी त्याला 'घरगुती' म्हणून चिडवलं. त्याच्या घरात काय चाललं होतं, ते २०२१ मध्ये आलेल्या आत्मचरित्रातून लोकांना कळलं. वडील कष्टाळू पण रागीट. त्यांनी दोन्ही मुलांकडून दुकानासमोरची विटांची भिंत नव्याने बांधून घेतली, त्याला वर्षाहून जास्त काळ लागला. नऊ वर्षांचा असताना वडिलांनी आईला मारलेलं त्याने पाहिलं. आपण तेव्हा काहीच करू शकलो नाही ही बोच त्याला आयुष्यभर राहिली, आणि लोकांना हसवणं हीच त्याची ढाल झाली.

२७ मार्च २०२२ रोजी ऑस्करच्या मंचावर पत्नीवर केलेल्या विनोदामुळे त्याने ख्रिस रॉकला थप्पड मारली. अकादमीने त्याला दहा वर्षांसाठी आपल्या कार्यक्रमांतून दूर ठेवलं. आपल्या मुलांनी तो व्हिडिओ शंभरदा पाहिला असेल आणि "काय मर्द आहे" असंही म्हटलं असेल. कुस्तीत समोरच्याला लोळवणारा बलवान नव्हे, रागाच्या क्षणी स्वतःला आवरणारा खरा बलवान, या आशयाची हदीस आपण मुलांना लहानपणीच शिकवतो. आजीची शिकवण त्याने गाण्यांत इतकी वर्षं पाळली, तेव्हा कोणी त्याला मर्द म्हटलं नाही. संयम सुटला त्या एका क्षणाला मात्र टाळ्या पडल्या. मुलांशी बोलायला याहून चांगलं उदाहरण कुठलं मिळणार?

'तडीपार' म्हणजे काय?

आता थोडी उलटी गोष्ट. पुण्याच्या ताडीवाला रोडवर वाढलेला अल्ताफ शेख म्हणजे एमसी स्टॅन. लहानपणी तो कव्वाली गायचा. पुढे रॅपकडे वळला आणि त्याची भाषा चांगलीच भडक झाली. २०२० मध्ये आलेल्या त्याच्या अल्बमचं नाव 'तडीपार'. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये तो 'बिग बॉस'चं सोळावं पर्व जिंकला, म्हणजे शिव्या चालत नाहीत आणि घरातली माणसं एकत्र बसून पाहतात अशा कार्यक्रमात. शिव्यांशिवायही लोकांना तो आवडला.

चिंता आहे ती त्या शब्दाची. 'तडीपार' हा शब्द टी-शर्टवर, मोबाइलच्या स्टेटसवर आणि बाकावर कोरलेला दिसतो. मुलांना तो रुबाबदार वाटतो. त्यांना हे सांगायला हवं की महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ नुसार तडीपारी म्हणजे माणसाला दोन वर्षांपर्यंत त्याच्या जिल्ह्याबाहेर राहायला लावणं. त्या काळात त्याला परवानगीशिवाय आजारी आईलाही भेटायला घरी येता येत नाही. आणि गोष्ट तडीपारीपर्यंत जायची गरजही नसते. चौकातल्या भांडणात नाव आलं, गुन्हा दाखल झाला, की पोलीस भरती असो, पासपोर्ट असो की सरकारी नोकरी, चारित्र्य पडताळणीत तो कागद समोर येतो. रॅपरसाठी तो शब्द अल्बमचं नाव आहे, आपल्या मोहल्ल्यातल्या पोरासाठी ते आयुष्य असतं. आपल्या पोरांकडे आधीच संशयाने पाहिलं जातं, तिथे हा फरक त्यांना नीट कळणं फार गरजेचं आहे.

हे आपल्याला नवं नाही

ताल, यमक आणि समोरच्याला शब्दांनी गार करण्याची कला आपल्याकडे फार जुनी आहे. मक्केच्या कुरैशांनी काव्यातून टीका केली तेव्हा तिला काव्यातूनच उत्तर देण्याचं काम हजरत हस्सान बिन साबित (रजि.) यांनी केलं. कुरआनच्या 'अश-शुअरा' या सूरहमध्ये भरकटलेल्या कवींविषयी इशारा आहे आणि ईमान राखून सत्कृत्यं करणाऱ्यांना त्यातून वगळलंही आहे. कवी कुठे उभा आहे, यावर सगळं ठरतं.

महाराष्ट्रात बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल शाहीर अमर शेख झाले. अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथकातून ते गायले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजाने मैदानं भरली. एका मुस्लिम घरातला मुलगा मराठी शाहिरीचा बुलंद आवाज ठरला.

आणि आपल्या वऱ्हाडात, गुरुकुंज मोझरीचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज होऊन गेले. हातात खंजिरी, ओठांवर भजन. घरातल्या आजीने आणि नातवाने सोबत बसून ऐकावं असं गाणं. पण १९४२ मध्ये इंग्रज सरकारला त्याच भजनांची धास्ती वाटली आणि महाराजांना अटक करून नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. त्या भजनांत एकही अपशब्द नव्हता.

घरात काय करता येईल?

आधी मुलासोबत बसून एक गाणं पूर्ण ऐका. इअरफोन काढून, आवाज मोठा करून. जे गाणं अम्मीसमोर लावायला मुलाला लाज वाटते, त्याचा निकाल तो स्वतःच लावतो. मग तीन प्रश्न विचारा. हा कोणाची बाजू घेतोय? यातलं खरं काय आणि मिरवण्यासाठी काय? हेच शिवीशिवाय सांगता आलं असतं का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलाला लिहून आणायला सांगा. पाठ्यपुस्तकातल्या कवितेची आठ कडवी ज्याला पाठ होत नाहीत, तोच मुलगा तीन मिनिटांचा रॅप न अडखळता म्हणतो. म्हणजे त्याची स्मरणशक्ती चांगली आहे. उर्दू शिकणाऱ्याला काफिया-रदीफ समजावून द्या, मराठीवाल्याला यमक आणि ओवी. बैतबाजीत रमणारी मुलं रॅपमध्येही चांगली ठरतात, कारण दोन्हीकडे शब्दसाठा लागतो. शिवी बहुतेक वेळा दुसरा शब्द न सापडल्यामुळेच येते.

वहीत काही वावगं आढळलं तर ती फाडू नका. त्या आजीसारखं शेवटच्या पानावर दोन ओळी लिहा आणि वही होती तिथेच ठेवून द्या. मुलगा त्या वाचेल.